आंबेघोळच्या पोस्टाची दुसरी खिडकी

१

नबीलाल शिकलगार आंबेघोळला पोस्टमास्तर म्हणून आले तेव्हा त्यांची नोकरी थोडकीच उरली होती, आणि अंगातली उमेद तर त्याच्याही आधी सरली होती. चंदगडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. सकाळची एसटी यायची, कंडक्टर टपालाची थैली खाली टाकायचा, गुंडू पोस्टमन ती खांद्यावर मारून आणायचा. नबीलाल लाखेची मोहर बघायचे, थैली फोडायचे, टपाल लावायचे, शिक्के मारायचे. मग खिडकीची फळी वर करायची आणि समोर उभ्या राहिलेल्या माणसांना दिवसभर एकच शब्द सांगत बसायचं.

"मास्तर, आमचं काय आलंय?"

"न्हाई."

या मुलखातली निम्मी पोरं पलटणीत, नाहीतर मुंबईच्या गिरणीत. मागं राहिलेल्यांचा जीव टपालात. गुंडू घरोघर जायचाच, पण लोकांना धीर निघत नसे. ते स्वतः येऊन विचारत. नबीलाल खोटं बोलत नसत. नाही म्हणजे नाही. पण नाही म्हणायलाही अंगात बळ लागतं, आणि ते रोज थोडं थोडं खर्ची पडतं हे त्यांना उतारवयात कळायला लागलं होतं. संध्याकाळी फळी पाडताना त्यांचे खांदे असे दुखत की जणू दिवसभर पोतीच वाहिली.

झुंबरबाई रोज यायची. तिचा जोतीराम एकाहत्तरच्या लढाईत गेला. पलटणीची तार नबीलालांनीच तिला वाचून दाखवली होती, एकदा नव्हे, तिनं परत परत वाचायला लावली तितक्यांदा. तरी ती यायची. खिडकीच्या गजांना धरून उभी राहायची, "न्हाई" ऐकायची, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून जायची.

मळण्या उरकल्या होत्या, थंडी पडायला लागली होती. त्या दिवशी ती आली तर नबीलालांनी तिनं विचारायच्या आतच मान हलवली. "आज न्हाई काय, म्हातारे."

"ठावं हाय की," झुंबरबाई म्हणाली. "त्या सायबानं सांगितलंय मला, उद्या येतंय म्हणून. मी आपलं तुमास्नी सांगाय आलो."

"कुठल्या सायबानं?"

"त्या खिडकीवरच्या." तिनं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडं हनुवटी केली. "लई मायाळू हाय बगा माणूस. वरडत न्हाय, काय न्हाय."

ती गेली. नबीलाल शिक्का हातात धरून तसेच बसले. आंबेघोळच्या पोस्टाला खिडकी एकच होती.

२

इमारत संस्थानच्या काळातली. घाट चढून आलेल्या टपालाची घोडी पूर्वी इथं बदलत. व्हरांड्याच्या दगडी खांबांत घोडी बांधायच्या कड्या अजून होत्या, बाजाराच्या दिवशी लोक त्यांना बकरी बांधत. दारावर संस्थानचं चिन्ह कोरलेलं होतं. संस्थान गेल्यावर कुणीतरी ते छिन्नीनं उडवायला घेतलं, आणि निम्म्यावर कंटाळून सोडून दिलं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, आत सागवानी कठडा. पुढच्या बाजूला कचेरी, तिला लागून व्हरांड्याच्या त्या टोकाला एक अंधारी कोठी, आणि मागं मास्तरांच्या बिऱ्हाडाच्या खोल्या. कोठीत रिकाम्या थैल्या, सुतळी, लाख, मोडकं सामान.

या कोठीला व्हरांड्याकडून एक खिडकी असायची. पोस्टमन गावोगाव फिरत नव्हता त्या काळात लोक तिथं येऊन आपलं टपाल मागून नेत. पुढं ती बुजवली. का आणि कुणी, ते कुणाला सांगता येत नव्हतं.

दुपारी खिडकी बंद करून नबीलाल व्हरांड्याच्या त्या टोकाला गेले. दगडी चौकट होती, तिच्या आत चुन्याचा गिलावा केलेली भिंत. गिलाव्याला जुनेपणाची पिवळी झाक आली होती. खालचा उंबऱ्यासारखा दगड मधोमध झिजून गुळगुळीत झाला होता. किती माणसांनी कोपरं टेकली असतील त्याच्यावर! नबीलालांनी भिंतीला हात लावून बघितला. गार होती. भिंत असते तशी.

"काय बगताय मास्तर?" गुंडू सायकल लावत म्हणाला.

"ही खिडकी कधी बंद झाली रे?"

"माझा आज्जा टपालाच्या घोड्यांस्नी चंदी घालायचा हितं. त्यानंबी ही बंदच बगितलीती म्हणं." गुंडू हसला. "का? उघडायची हाय व्हय? एक खिडकी जड झालीया, त्यात दुसरी कशाला?"

नबीलालही हसले. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय. पोर गेल्यावर माणसाला भिंतीतसुद्धा तोंडं दिसतात. त्यांनी तसं स्वतःला सांगितलं आणि जेवायला गेले.

३

पुढं पुढं त्यांच्या खिडकीवरची गर्दी कमी व्हायला लागली.

तिकिटं, मनीऑर्डरी, पार्सलं होतीच. पण "आमचं काय आलंय" म्हणून विचारणारी माणसं येईनात. पहिल्यांदा नबीलालांना नुसतं हलकं वाटलं. कुणी एखादं गाठोडं डोक्यावरून उतरवून घ्यावं तसं. त्यांनी कारण शोधलं नाही. दमलेला माणूस सावली मिळाली की झाड कुणाचं ते विचारत नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं की माणसं येतायत. चपला व्हरांड्यात वाजतायत. पण आवाज त्यांच्या खिडकीपाशी न थांबता पुढं जातोय. त्या टोकाला कुणीतरी बोलायचं, "आमच्या थोरल्याचं काय?" मग थोडी शांतता. "बरं बरं." परत शांतता, जराशी लांब. "मंग उद्या येतो की." मधल्या शांततेत काहीच ऐकू येत नसे. पण ती शांतता बरोबर उत्तराच्या मापाची असायची.

एका दुपारी सुतळीचा गुंडा आणायला ते कोठीत गेले. कोठीचं कुलूप रोजच्यासारखंच जड फिरलं. आत अंधार, तागाचा आणि लाखेचा वास. भिंतीला लागून एक जुनी हाताची खुर्ची पडली होती. नबीलाल आले त्या दिवसापासून ती तिथंच होती आणि त्यांनी तिच्याकडं कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. आज दिलं. आधी ती भिंतीकडं पाठ करून असायची. आता तिचं तोंड भिंतीकडं होतं, जिथं ती बुजवलेली खिडकी असणार तिकडं. हातांवर, पाठीवर, पायांवर धूळ होती. बैठकीवर नव्हती.

गुंडू बसत असेल विडी ओढायला, ते मनाशी म्हणाले. पण कुलपाची किल्ली तर त्यांच्याच कमरेला. त्यांनी बैठकीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. खुर्ची कोमट होती.

आणि खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांना भीतीच्याही आधी दुसरंच काही वाटलं. तिच्यात बसावंसं वाटलं. पाय इतके भरून आले, पापण्या इतक्या जड झाल्या, की त्यांनी दाराची चौकट धरली. सुतळी न घेताच ते बाहेर आले.

४

नबीलालांच्या बिऱ्हाडात ते आणि त्यांची लेक नजीरा, इतकीच माणसं. बायको मागंच वारली होती. नजीराचा नवरा चमन मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी म्हणून लागला. सुरुवातीला पत्रं आली, मग कुठल्याशा परदेशी बंदरातून एक कार्ड आलं, आणि मग काहीच नाही. सासरच्यांनी काही दिवस वाट बघितली, आणि पोरीला बापाकडं आणून सोडली.

आल्या आल्या ती रोज कचेरीच्या मधल्या दाराशी येऊन उभी राहायची. थैली फुटताना बघायची. बाप मान वर न करता टपाल लावायचा आणि शेवटी नुसती मान हलवायचा. परक्याला न्हाई म्हणणं वेगळं, पोटच्या पोरीला म्हणणं वेगळं. पुढं तिनं दाराशी यायचंच सोडलं. त्यानं नबीलालांना आणखी वाईट वाटलं. ती बोलेना, नीट जेवेना. चुलीपुढं बसली की बसूनच राहायची, भाकरी करपल्याचा वास कचेरीपर्यंत यायचा.

ती नजीरा एका सकाळी गुणगुणताना दिसली. केस विंचरलेले, हातात हिरव्या काचेच्या नव्या बांगड्या. दुपारी तिनं सुक्या मासळीचं कालवण केलं आणि बापापुढं ताट ठेवून समोर बसली.

"आज काय ईदबिद हाय का?" नबीलाल म्हणाले.

"चमनचं कळलंय, अब्बा. यायला लागलेत. उद्या न्हाईतर परवा."

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आजचं सगळं टपाल त्यांच्या हाताखालनं गेलं होतं. "कुणी सांगितलं तुला?"

"त्या खिडकीवर विचारलं." तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, वाण्याच्या दुकानात विचारल्यासारखं. "तुम्ही चिडू नका. तुम्हाला रोज विचारायचं जिवावर येतं माझ्या. तुमचं तोंड उतरतं. तिथं विचारायला बरं वाटतं."

"नजीरा, तिथं खिडकी न्हाई. भिंत हाय."

ती बापाकडं बघून हसली, लहान पोराकडं बघून हसावं तसं. आणि त्यांच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

५

नबीलालांनी कृष्णात गवंड्याला बोलावलं. कृष्णात पन्नाशीचा, रोखठोक माणूस, गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. देवधर्माच्या गोष्टी त्याला ऐकवत नसत. त्यानं आधी व्हरांड्यातून, मग कोठीतून हातोडीनं भिंत ठोकून बघितली.

"भरीव हाय, मास्तर. आतबाहेर एकच दगड. पोकळी न्हाय, काय न्हाय. फोडायची म्हणत असशीला तर दोन गडी लागतील."

"फोडू नको. पण जरा खरवडून बघ. मागं काय हाय ते मला एकदा बघू दे."

कृष्णात व्हरांड्यात उकिडवा बसला आणि छिन्नी लावली. गिलाव्याचे पापुद्रे पडायला लागले. नबीलाल खिडकीवर कुणी आलं म्हणून कचेरीत गेले. ठक ठक ठक आवाज येत राहिला. मग थांबला. बराच वेळ गेला तरी परत सुरू झाला नाही.

ते बाहेर आले. कृष्णात उभा होता. छिन्नी त्या झिजलेल्या दगडावर ठेवलेली, मुंडासं काढून हातात घेतलेलं. नबीलालांना बघताच तो दचकला आणि घाईनं हत्यारं गोळा करायला लागला.

"काय झालं?"

"काय न्हाय. दगुड हाय, मास्तर. फोडू नगा." त्याची नजर वर उठेना. मग हळू आवाजात म्हणाला, "माझा धाकटा भाऊ घरातनं भांडून गेलाय, तुमास्नी ठावं न्हाय. लई वरसं झाली. मी कुणाला ईचारलं न्हाय कवा. लाज वाटायची. आज सहज तोंडातनं गेलं."

"मग?"

कृष्णातनं मुंडासं डोक्याला गुंडाळलं. म्हणाला, "येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी तो आला. हत्यारं न घेता. झुंबरबाईच्या मागं उभा राहिला.

आता नबीलालांना आपल्या जागेवरून मान वाकडी करून बघितलं की ती रांग दिसायची. म्हाताऱ्या, बायका, एखादा पुरुष. भिंतीपुढं पाळीनं उभे राहणारे, वाकून बोलणारे, ऐकणारे. बोलून झालं तरी घरी जात नसत, तिथंच व्हरांड्यात बसून राहत. काजू मोहरला होता, शेताची कामं पडून होती, लोक घरून हाका मारायला येत आणि ही माणसं म्हणत, आलोच, उद्या येतंय म्हणं. त्यांचे चेहरे शांत होते. झुंबरबाई वाळत चालली होती, तिच्या हाताची हाडं दिसायला लागली होती, पण तिचाही चेहरा शांत होता. गुंडूनं त्या बाजूनं जायचंच सोडलं. सायकल मागच्या दारानं काढायचा. विचारलं तर म्हणायचा, "मला कुणाची वाट बगायची न्हाय, मास्तर. मला भिंतच दिसतीया. पर त्यास्नी दिसतंय हे मला दिसतंय की."

६

एका दिवेलागणीला नबीलालांनी नजीराला समोर बसवलं. कंदील पेटवला. दिवसभर त्यांनी मनाशी जुळवलेले शब्द होते, ते सगळे विसरले आणि जे होतं ते तोंडातून गेलं.

"चमन येणार न्हाई, पोरी. बोट बुडाली का त्यानं दुसरं घर केलं, ते मला ठाऊक न्हाई. पण तो येणार न्हाई. तुझ्या बापानं जन्मभर टपाल वाटलंय. येणारं टपाल कसं येतं आणि न येणारं कसं येत न्हाई, ते मला कळतं. तू त्या भिंतीचं ऐकू नको."

नजीरा रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं बापाचा हात हातात घेतला. शाईनं काळी पडलेली बोटं एकेक करून चोळत राहिली.

"तुम्ही किती दमलात, अब्बा," ती म्हणाली. "तेबी तसंच म्हणत होते."

"कोण?"

"आतले. त्यांचाबी आवाज आता दमल्यागत येतोय. लई दिवस बसलेत. जरा कुणीतरी बसायला पाहिजे म्हणतात. ते तुम्हालाच बोलवत होते. तुझ्या बापाला आत पाठव, म्हणाले, त्याला खुर्ची ठाऊक हाय."

कोठीतल्या त्या खुर्चीचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, अब्बांना आता इसावा पाहिजे. त्यांना नका बोलवू." तिनं कंदिलाची वात बारीक केली. "जेवून घ्या. आमटी गार व्हायला लागली."

त्या आठवड्यात नबीलालांनी वर लिहून पाठवलं की इमारत जुनी झाली आहे, कौलं गळतात, कचेरी हलवावी. इतकी वर्षं असल्या अर्जांना कुणी उत्तर दिलं नव्हतं. या खेपेला मंजुरी लवकर आली. एसटी स्टँडजवळ नवी सिमेंटची खोली भाड्यानं मिळत होती, तिच्यामागं राहायची सोयही होती. नबीलालांना वाटलं, सुटलो.

७

हलवायचा दिवस रविवार होता. बैलगाडीच्या खेपा चालल्या होत्या. कठडा काढला, कपाटं गेली, शिक्के आणि मोहर नबीलालांनी स्वतः पिशवीत घालून नेले. बिऱ्हाडाचं सामान ते काय, एका खेपेत संपलं. नजीरा सकाळपासून झपाट्यानं काम करत होती. भांडी बांधली, अंथरुणं गुंडाळली, नव्या जागी जाऊन चूल मांडली, बापाला चहा करून दिला. "कुठं तरी केरसुणी राहिली बगा," म्हणून ती परत गेली.

नबीलालांनी नव्या खोलीत टेबल लावून घेतलं. उन्हं कलली. नजीरा आली नाही. त्यांनी गुंडूला तिथं थांबवलं आणि स्वतः निघाले.

जुन्या पोस्टाचं दार उघडंच होतं. आत सगळं रिकामं. कठडा नसल्यामुळं कचेरी एवढीशी दिसत होती, आणि पावलांचा आवाज भिंतींवर आपटून माघारी येत होता. "नजीरा!" त्यांनी हाक मारली. हाक बिऱ्हाडापर्यंत जाऊन परत आली. केरसुणी चुलीपाशी पडली होती. कोठीला कुलूप होतं. त्यांनीच सकाळी घातलेलं, वर लाखेची मोहर केलेली. मोहर शाबूत होती.

तेवढ्यात व्हरांड्यातून झुंबरबाईचा आवाज आला. "माझ्या जोतीचं गं?"

गं.

नबीलाल जागच्या जागी थांबले. इतके दिवस ती "सायेब" म्हणायची.

ते बाहेर आले. व्हरांड्यात उतरतीचं तिरकं ऊन आलं होतं. झुंबरबाई वाकून दगडावर कोपर टेकून उभी होती, तिच्यामागं कृष्णात, त्याच्यामागं आणखी कुणीकुणी. आणि चौकटीत भिंत नव्हती. गज होते. पितळेचे, घासून लखलखीत केलेले. त्यांच्यामागं दिव्याचा पिवळा उजेड, टपालाचे नीट लावलेले खण, आणि खुर्चीत पाठमोरं वळलेलं कुणीतरी, खणात काहीतरी शोधणारं. नबीलालांना तोंड दिसलं नाही. ते कुणीतरी पुरतं वळायच्या आत त्याचा एक हात गजांतून बाहेर आला आणि म्हातारीच्या हाडकुळ्या हातावर हलकेच टेकला. धीर देताना टेकतात तसा. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

"नजीरा!"

त्यांनी धाव घेतली, वाटेतल्या माणसांना ढकलत. पोचले तेव्हा तळहाताखाली गार गिलावा होता, कृष्णातनं खरवडलेला. त्यांनी त्याच्यावर मुठी मारल्या. मग आत जाऊन मोहर तोडली, कोठी उघडली. थैल्याही सकाळीच हलवल्या होत्या. खुर्ची तेवढी होती, कुणाला न्यायची सुचली नव्हती. बैठकीवर हात ठेवायचं त्यांना धाडस झालं नाही.

८

पोलिसांत वर्दी दिली. फौजदारानं दोनदा येऊन विचारपूस केली, विहिरी बघितल्या. गाव म्हणालं, पोरगी मुंबईला गेली नवऱ्याला हुडकायला. कुणी त्याहून वाईट बोललं. नबीलालांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. काय सांगणार? मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून? ज्या डोळ्यांना रात्ररात्र झोप नव्हती, त्या डोळ्यांनी?

ते रोज सकाळी नव्या कचेरीत थैली फोडत, शिक्के मारत. दुपारी उठून जुन्या इमारतीकडं जात आणि रांगेत उभे राहत. त्यांची पाळी आली की ते वाकून विचारत, "पोरी, बरी हायस का?" भिंत भिंतच राहायची. बाकीच्यांना उत्तरं मिळत. झुंबरबाई परतताना त्यांना सांगायची, "तुमच्या लेकीचा आवाज लई ग्वाड बगा, मास्तर." त्यांना ते ऐकायला बरंही वाटायचं आणि ऐकवायचंही नाही.

हे तिच्या वाट्याला आलं ते आपल्या वाट्याचं होतं, एवढं त्यांना कळत होतं. एकदा त्यांनी कोठी उघडून खुर्चीत बसूनही बघितलं. खुर्ची थंडगार होती. तिला आता ते नको होते.

होळी झाली, ऊन तापायला लागलं. आणि एका दुपारी एसटीतून चमन उतरला.

रापलेला, वाळलेला, एका पायानं लंगडत. हातात पत्र्याची ट्रंक. स्टँडसमोर पोस्टाची पाटी दिसली तसा तो सरळ नव्या खिडकीवरच आला. परमुलखातल्या एका इस्पितळात तो महिनोन् महिने पडून होता, त्याची भाषा कुणाला येत नव्हती, त्यांची त्याला येत नव्हती, हे सगळं त्यानं एका दमात गजांतूनच सांगून टाकलं. मग म्हणाला, "नजीरा कुठाय, अब्बा? आत हाय का?"

नबीलाल त्याच्याकडं बघत राहिले. येणार नाही असं ज्याच्याबद्दल ते लेकीला छातीठोकपणे बोलले होते तो समोर उभा होता. शेवटी त्यांनी फळी पाडली, बाहेर आले आणि जावयाच्या हातातली ट्रंक आपल्या हातात घेतली.

"चल," ते म्हणाले.

वाटेत चमन विचारत राहिला आणि ते चालत राहिले. जुन्या पोस्टाच्या व्हरांड्यात त्यांनी ट्रंक खाली ठेवली. बसलेल्या माणसांनी सरकून वाट करून दिली. झुंबरबाईनं चमनकडं वर बघितलं आणि पदरानं डोळे पुसले.

"हितं विचार," नबीलाल म्हणाले.

"कुणाला?" चमननं चौकटीकडं, मग सासऱ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, आणि सासऱ्याला वेड लागलं की काय अशी कीव. "अब्बा, भिंत हाय ही."

"विचार, बाबा. तिनं तुझी लई वाट बघितली."

मग, म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून असेल, तो लंगडत पुढं झाला, झिजलेल्या दगडावर हात टेकून वाकला आणि हळूच म्हणाला, "नजीरा?"

बाहेर रस्त्यावरून एक रिकामी गाडी खडखडत गेली. नबीलाल कान देऊन उभे होते. त्यांना काही ऐकू आलं नाही.

चमन भिंतीकडं बघत होता. मग तो हळूहळू सरळ झाला, आणि प्रवासानं विस्कटलेले केस त्यानं दोन्ही हातांनी नीट केले.